असे म्हणणे खरे नाही

सकुबाईनं तोंड उघडायच्या आधीच कोर्टाचा टायपिस्ट जीवन याच्या बोटांनी तिचं उत्तर टाइप करून टाकलं होतं. आरोपीचा वकील ओमकार हातातल्या कागदावरून प्रश्न वाचत होता. त्याचा प्रश्न अजून संपायचा होता, आणि समोरच्या स्क्रीनवर ओळ सुरू झालेली होती: असे म्हणणे खरे नाही की, माझी मयत मुलगी सारिका ही मरणाच्या चार दिवस आधी माझ्याकडे शेणवा येथे आली होती व मीच तिला समजूत घालून सासरी परत पाठवले. पूर्णविराम. मग पिंजऱ्यातली बाई, साठीची, डोक्यावर पदर, दोन्ही हातांनी लाकडी कठडा धरलेली, ती हळूच म्हणाली, "हां. मीच धाडली." पंखा कुरकुरत होता, दाराशी कुणाचं तरी लेकरू किरकिरत होतं. न्यायाधीश मॅडम दुसऱ्याच एका प्रकरणाच्या कागदांवर सह्या करत होत्या आणि ओमकारनं पान उलटलं होतं. त्याला नकारच अपेक्षित होता, आणि तो ऐकायची गरज नव्हती. सरकारी वकील मोबाइलमध्ये पुढची तारीख बघत होते. ते शब्द पोचले ते फक्त पिंजऱ्याच्या खाली दोन हातांवर बसलेल्या जीवनपर्यंत. त्यानं मान वर केली. बाई त्याच्याकडेच बघत होती, आपण बोललेलं आता उमटेल अशा भरवशानं.

बावीस वर्षं तो हे काम करत होता. उलटतपासणी म्हणजे काय, हे एव्हाना त्याच्या डोक्यापेक्षा बोटांनाच जास्त ठाऊक होतं. वकील विचारणार, तुम्ही त्या दिवशी तिथं नव्हतात ना? साक्षीदार म्हणणार, नाही साहेब, होतो. मग जीवन लिहिणार, असे म्हणणे खरे नाही की मी त्या दिवशी तिथे नव्हतो. तुम्ही खोटी साक्ष देताय ना? असे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे. दिवसाला तीस-चाळीस वेळा. शब्द ठरलेले, क्रम ठरलेला. नकार वाक्याच्या सुरुवातीलाच असल्यामुळे वकिलानं तोंड उघडलं की तो लिहूनच टाकायचा, बाकीचं मागून येत राहायचं. ओमकार कोर्टात नवीन होता, वक्तृत्वाच्या स्पर्धा गाजवून आलेला. एकदा चहा पिताना तो म्हणाला होता, "जीवनकाका, तुम्ही दिवसभर जे लिहिता ना, त्याला लॅटिनमध्ये शब्द आहे. अपोफासिस. मूळ ग्रीकांचा, रोमन लोकांनी त्यांच्याकडून उचलला. म्हणजे नकार. पण कसा, की मी अमुक म्हणणारच नाही, तमुकचं नावही घेणार नाही, असं म्हणत म्हणत माणूस सगळं बोलून मोकळा होतो. तुमच्या साक्षींतली 'खरे नाही' एवढीच अक्षरं खोडा आणि वाचून बघा. सगळी गोष्ट तिथंच असते." जीवन हसला होता. शब्द मात्र डोक्यात राहिला. पुढं कधी कधी टाइप करताना तो ती अक्षरं मनातल्या मनात खोडून बघायचा, आणि मग पुढच्या ओळीवर जायचा.

आता खोडायचं खरोखरच होतं. दोन अक्षरं. 'नाही'च्या जागी 'आहे'. कर्सर ओळीच्या शेवटी उघडझाप करत होता. जीवनला कळत होतं की हात उचलून "मॅडम, साक्षीदार हो म्हणाली" एवढं बोलायचं आहे, आणि ते बोललं जात नव्हतं. भीती वाटत होती असंही नाही. काहीच वाटत नव्हतं. बोटं कळांवर ठेवलेली, पण ती दुसऱ्या कुणाची तरी त्याच्या मनगटाला जोडलेली असावीत तशी. आरोपीच्या बाकावर सारिकाचा नवरा सूरज बसला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर रुमाल. मुरबाडकडल्या त्याच्या गावच्या विहिरीत चार वर्षांपूर्वी सारिका सापडली, तेव्हापासून जाच करून तिला मरणाला भाग पाडल्याचा हा खटला चाललेला. आईनंच पोरीला परत पाठवली हे कागदावर आलं, तर ओमकार उभा राहून म्हणणार, एवढा जाच असता तर कुठली आई पाठवील? जीवनला ते वाक्य आत्ताच ऐकू येत होतं. म्हणजे 'नाही' राहिलं तर बाईच्याच बाजूचं होतं. हा हिशेब त्यानं तिथंच, त्या क्षणी केला, की घरी जाताना केला, हे त्याला नंतर कधी नीट आठवलं नाही. ओमकारनं पुढचा प्रश्न विचारला. बोटं पुढं गेली. असे म्हणणे खरे नाही की. शेवटी नेहमीची ओळ आली, साक्ष वाचून दाखवली, बरोबर आहे. वाचून कुणी दाखवली नाही. शिपायानं शाईचा डबा धरला आणि सकुबाईनं पानाच्या खाली अंगठा उठवला, जोर लावून, जणू कागदाच्या पलीकडं काही टेकवायचं होतं.

मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात त्याची वाट बघत उभी होती. अंगठ्याची शाई पदराला पुसून पुसून पदर निळा झाला होता. शेणव्याहून पहाटेच्या गाडीनं शहापूरला आणि तिथून इकडं, एकटीच आली होती. "साहेब," ती म्हणाली, "माजं बोलनं लिवलंत ना? मी धाडली त्ये?" तिची बोली त्याच्या आईची होती. त्याचं गाव शेणव्यापासून कोसभरच. इतकी वर्षं शहरात राहून त्यानं आपल्या तोंडातून ती बोली घालवली होती. "लिहिलं," तो म्हणाला. बाईनं मोठा श्वास सोडला आणि तिथंच पायरीवर बसली. "बरं झालं. सरकारी वकील बोललं व्हतं, तो जे जे इचारील त्याला नाय म्हनायचं. पन ह्याला कसं नाय म्हनू? रातच्याला आली, सकाळी मीच गाडीत बसवली. बोलले, बाई, दोन दिस जरा नमतं घे. आज चार वर्सं झाली. पोलिसांनी नाय इचारलं, गावानं नाय इचारलं. तिचा बा तं बोलतच नाय माज्याशी. आज पयल्यांदा कोनीतरी इचारलं." जीवननं मान डोलवली. हातात जेवणाचा डबा होता. तो डबा घेऊन जागेवर गेला, उघडला, भेंडीची भाजी होती, ती खाल्ली, डबा धुतला. सगळं व्यवस्थित.

घरी अनितानं विचारलं, काय झालं, तर तो म्हणाला, काही नाही. चहा घेतला. बाल्कनीत वाळत घातलेले कपडे त्यानं स्वतःहून काढून घड्या घातल्या, तेव्हा अनितानं पुन्हा एकदा बघितलं, पण विचारलं नाही. घड्या घालताना त्याच्या लक्षात आलं की आपण पारूचा विचार करतोय. बऱ्याच वेळापासून. व्हरांड्यात ती बाई 'मीच गाडीत बसवली' म्हणाली तेव्हापासून असेल, किंवा त्याही आधीपासून, ओमकारचा प्रश्न अर्ध्यात असतानापासून. पारू त्याची धाकटी बहीण, सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावात नथूला दिलेली. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी ती याच घरी आली होती. अनिता माहेरी गेलेली, त्याला कसलीशी रजा होती. दार उघडलं तर पारू. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेले घरचे वाल, कारण भावाकडं रिकाम्या हाती कसं यायचं. स्टँडवरून चालत आली होती, रिक्षावाल्याला पत्ता सांगायची लाज वाटली म्हणून. डाव्या कानाखाली वाळलेलं रक्त होतं. "काय झालं गं?" त्यानं विचारलं. "गायीनं शिंग मारलं," ती म्हणाली. आणि त्यानं ते मानलं. मानता येण्यासारखं होतं म्हणून मानलं. चहा केला, बिस्किटं काढली. पारू खुर्चीवर न बसता जमिनीवर बसली आणि फरशीवरच्या नक्षीवरून बोट फिरवत म्हणाली, "दादा, दोन दिस राहू का रे?"

त्यानं काय म्हटलं होतं? हे वाक्य तो अकरा वर्षं चुकवत आला होता. कधी ते जवळ आलं की तो उठून पाणी प्यायचा, टीव्हीचा आवाज वाढवायचा. त्या दिवशी कपड्यांच्या घड्यांवर हात ठेवून तो उभा राहिला आणि वाक्य आपोआप आलं, अगदी स्वच्छ, त्याच्याच शहरी आवाजात. "नथूला विचारून आलीस का?" पारू फरशीवर बोट फिरवत राहिली. मग तो पुष्कळ बोलला. असं तडकाफडकी निघून यायचं नसतं, घर म्हटलं की भांडणं होतात, मी फोन करतो नथूला, समजावतो. साडेचारच्या मुरबाड गाडीत खिडकीतून रुमाल टाकून तिची जागा धरली, कंडक्टरला सांगितलं, बहीण आहे, नीट उतरवा. गाडी हलली तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं. हेही आता आठवलं. वाईट वाटलं नव्हतं, हायसं वाटलं होतं. अनिता आल्यावर तिनं विचारलं, वाल कुठून आले? तो म्हणाला, गावाहून कुणीतरी दिले. अनितानं त्यांचं बिरडं केलं. चांगलं झालं होतं. नथूला त्यानं फोन केलाच नाही. त्यानंतर पारूला डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं, सगळे तिच्याशी उजव्या बाजूनं बोलू लागले, तोही बोलू लागला. दर भाऊबीजेला तो साडी घेऊन जायचा, ती ओवाळायची. त्या दुपारचा विषय दोघांत एकदाही निघाला नाही. इतका निघाला नाही, की कधी कधी ते घडलंच नव्हतं असं त्याला वाटायचं, आणि तसं वाटलं की तो दिवस बरा जायचा.

चौथ्या दिवशी तो मॅडमच्या चेंबरमध्ये गेला. ठरवून गेला नाही. एका आदेशाची प्रत सहीला न्यायची होती, ती त्यानं टेबलावर ठेवली आणि उभाच राहिला. "काय?" मॅडमनी विचारलं. "मॅडम, त्या शेणव्याच्या बाईच्या साक्षीत माझ्याकडून चूक झालीय. ती हो म्हणाली होती. मी नाही लिहिलं." मॅडमनी चष्मा काढला. "तुम्हाला केव्हा कळलं?" "तेव्हाच." "तेव्हाच?" "हो." "मग बोलला का नाहीत?" तो टेबलावरच्या पेपरवेटमधल्या निळ्या फुलाकडं बघत राहिला. मॅडम चिडल्या, पण आवाज न चढवता. दोन्ही वकिलांना बोलावलं, सगळं सांगितलं, साक्षीदाराला पुन्हा बोलवायचा आदेश दिला. सरकारी वकील बाहेर येऊन त्याला म्हणाले, "काय मिळवलंत जीवनराव? गेली केस." ओमकारही मागून बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि तो लपवायला त्याला जमत नव्हतं. जीवनकडून लेखी खुलासा मागवला गेला आणि त्याला त्या कोर्टातून काढून नकला विभागात बसवलं. तिथं जुन्या कागदांच्या प्रती काढायच्या, शिक्का मारायचा. कुणाचं बोलणं ऐकायचं नव्हतं.

सकुबाई तीन आठवड्यांनी पुन्हा आली. तिची साक्ष दुसऱ्या टायपिस्टनं घेतली. जीवन नकला विभागाच्या खिडकीशी होता, तिथं ती मुद्दाम आली. तिला कुणीतरी सगळं सांगितलं होतं. खिडकीच्या गजांतून ती बराच वेळ बघत राहिली. "लिवलं म्हनालात की वो तुमी," ती म्हणाली. रागानं नाही. एखाद्याला वाट विचारावी आणि त्यानं चुकीची दाखवावी, मग परत येऊन त्यालाच विचारावं, तसं. "मी त्या दिशी घरी गेले. चार वर्सांत पयल्यांदा तिच्या बा ला सांगितलं, की मी कोर्टात बोलले. तो उठून माज्याजवळ येऊन बसला. आन त्ये लिवलंच नव्हतं." जीवन म्हणाला, "चुकलं माझं." "चुकलं म्हंजी कसं? हात चुकला का तुमी चुकलात?" त्याच्या मागं शिक्का मारायच्या कागदांचा गठ्ठा होता. "मी," तो म्हणाला. बाईनं मान हलवली, जणू एवढंच हवं होतं, आणि गेली.

निकाल नोव्हेंबरात लागला. सूरजला शिक्षा झाली, सात वर्षं. ओमकार संध्याकाळी खिडकीशी आला, टाय सैल केलेला. "हरलो, काका. आणि कशावर हरलो माहीत आहे? त्या हो वर. मॅडमनी लिहिलंय, जी साक्षीदार स्वतःला दोष देणारी गोष्टदेखील न लपवता सांगते, तिच्या बाकीच्या सांगण्यावर अविश्वास ठेवायला कारण नाही. मुलगी मार खाऊन आली होती हे आईनं सांगितलेलं सगळं मान्य." त्यानं टाय काढून खिशात कोंबला. "'नाही' राहिलं असतं तर मी सुटका मिळवली असती बहुतेक. शेणव्याच्या एसटीचा कंडक्टर मी साक्षीला आणणारच होतो, तिला खोटं पाडायला." जीवनला आनंद व्हायला हवा होता. आत कुठंतरी दिवा लागल्यासारखं व्हावं अशी त्यानं वाट पाहिली. फक्त एवढं झालं, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं रजेचा अर्ज दिला आणि अनिताला सांगितलं, मी पारूकडं जाऊन येतो. "भाऊबीज झाली की आत्ताच," ती म्हणाली. "हो," तो म्हणाला, "दुसरं काम आहे."

मुरबाडला गाडी बदलून तो उतरला तेव्हा दुपार झाली होती. सिद्धगड उन्हात करडा दिसत होता, वरच्या कड्यांना अजून थोडी हिरवळ. भातं कापून झाली होती आणि सगळीकडं झोडणी चाललेली, दाण्यांची धूळ हवेत तरंगत होती. नथू दोन वर्षांपूर्वी वारला होता. दारूनं लिव्हर गेलं. म्हणजे आता भीती घालणारं कुणी नव्हतं, आता बोलता येईल, असं त्यानं गाडीत मनाशी म्हटलं होतं. पारू खळ्यावर एकटी होती. भाताची पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून लाकडी बाजेवर आपटत होती. डोक्याला फडकं, हात धुळीनं पांढरे. तो डाव्या बाजूनं आला म्हणून तिला कळलं नाही. तिथंच उभं राहून तो म्हणाला, "पारू, मी तुला त्या दिवशी परत धाडायला नको होतं." पेंढी खाली आली, दाणे उडाले. तिनं ऐकलं नव्हतं. सुटलो, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण तो वळसा घालून उजव्या बाजूला गेला. "अगो बाई! दादा? आसा कसा न सांगता?" तिचा चेहरा उजळला, तिनं हात पदराला पुसले. "बस. पानी आनते." "राहू दे. मला बोलायचंय." आणि जे डाव्या कानाशी बोललं होतं तेच त्यानं पुन्हा म्हटलं. कोर्टातली सगळी हकिकत सांगितली, सकुबाई, सारिका, टाइप केलेली ओळ, निकाल. मग म्हणाला, "तू आली होतीस. दोन दिवस राहू का म्हणालीस. तुझा कान मला दिसला होता. गाईनं मारलं नव्हतं हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी तुला गाडीत बसवली."

पारू ऐकत होती. तिनं एक पेंढी उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग त्याच्याकडं न बघता म्हणाली, "मी कवा आले रे तुज्याकडं?"

"अकरा वर्षं झाली. डिसेंबर असेल."

"मी नाय आले. दुसरी कोन आसंल."

"पारू."

"मी आलेच नाय, दादा." आवाज शांत होता, रोजच्या कामातलं काहीतरी सांगावं तसा. "निळी पिशवी मी घेतलीच नव्हती. तुज्या जिन्यात दुसऱ्या माळ्यावर बसून मी रडले नाय, आन वरून एक बाई उतरली तिनं मला कोन पायजे म्हनून इचारलं नाय. मुरबाडच्या ष्टँडवर मी दोन गाड्या सोडल्या नाय. रात पडंपर्यंत तिथं बसले नाय. नदीवरच्या पुलाशी उतरून मी वाईच उभी राहिले नाय खाली बघत. दारात गेले तवा तो काय बोलला, त्ये तं मला कायबी ठावं नाय."

जीवननं तिला पिशवीचा रंग सांगितला नव्हता. जिन्याचं, स्टँडचं, पुलाचं तर त्याला स्वतःलाच आज कळत होतं. तो ते ऐकत राहिला. त्याची बोटं मांडीशी स्वस्थ लोंबत होती.

"आले आसते," पारू म्हणाली आणि आता पहिल्यांदा तिनं त्याच्याकडं पाहिलं, "तं तू मला ठेवून घेतलं नसतंस का?"

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती उत्तराची वाट बघत होती, आणि तिला कुठलं उत्तर हवंय हे इतकं उघड होतं, की खरं बोलायला आलेल्या माणसाला तोंड वर करवेना. खालच्या वाटेनं कुणीतरी बैल हाकत गेलं.

"घेतलं असतं," तो म्हणाला.

"मंग?" पारू म्हणाली. "म्हून तं सांगते." तिनं बाजेवर सांडलेले दाणे हातानं सारखे केले, त्याच्यासाठी पलीकडं जागा केली, आणि एक पेंढी त्याच्या पुढ्यात सरकवली. जीवननं बूट काढले, बाह्या वर केल्या. पहिला फटका नीट बसला नाही. पारूनं त्याचे हात धरून पेंढी कुठं पकडायची ते दाखवलं, आणि ती आपल्या जागी गेली.